व्याह्यांशी बोलण्यापुरतं जर्मन

पहिल्या दिवशी मी आबांना हाकलूनच देणार होते. माझा स्वभाव तापट आहे, हे मंचरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्या दिवशी वीजही नव्हती.

एसटी स्टँडच्या मागे खत-बियाण्यांचं दुकान आहे, त्याच्या वर माझा जर्मनचा क्लास. खालून खताचा वास येतो आणि वरून पत्रा तापतो. येणाऱ्यांत बहुतेक नर्सिंगच्या पोरी, थोडी आयटीआय झालेली पोरं. सगळ्यांना तिकडे नोकरी हवी असते, म्हणून मी त्यांना पहिल्या परीक्षेपुरतं रोजचं बोलणं शिकवते. नाव सांगणं, वेळ विचारणं, दुकानात मागणं, दवाखान्यात दुखणं सांगणं. अशा त्या वर्गात एक सत्तरीचा माणूस टोपी सारखी करत शिरला, दारात चपला काढल्या आणि बाक रिकामे असताना भिंतीला टेकून खाली बसला. मला वाटलं, कुणाचे तरी वडील चौकशीला आलेत.

"कुणाचे वडील तुम्ही?"

"माझी लेक हितं न्हाई. जर्मनीला असती."

"मग इथं काय काम काढलंत?"

"जर्मनी शिकायचीय."

पोरी फिसकन हसल्या. भाषेला ते शेवटपर्यंत जर्मनीच म्हणत राहिले. मी म्हटलं, "आबा, ही परीक्षेची पोरं आहेत. तुम्हाला किती शिकायचंय?"

"व्याह्यांशी बोलन्यापुरती," आबा म्हणाले. "जास्त न्हाई. एकच गोष्ट बोलायचीय. पन ती माझ्या तोंडानं."

ती गोष्ट त्यांनी तिथेच, सगळ्या वर्गासमोर सांगितली. त्यांची एकुलती लेक इंजिनियर होऊन तिकडे गेली, नोकरीला लागली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं. आबांची ना नव्हती. पण लग्न झालं तेव्हा करोनामुळे विमानं बंद होती. तिकडच्या कचेरीत सह्या झाल्या आणि आबांनी ते आपल्या गावी, लोणीला, पाण्याच्या टाकीवर उभं राहून मोबाईलवर पाहिलं, कारण रेंज तेवढी तिथेच मिळते. ऐन वेळी रेंजही गेली. लेकीची आई आधीच वारलेली. म्हणजे कुणी कुणाला भेटलं नाही, टॉवेल-टोपी नाही, आणि मुलीच्या बापानं व्याह्यांपुढे हात जोडून जे बोलायचं असतं ते बोलणंही राहून गेलं. 'लेक तुमच्या पदरात टाकली, काही चुकलंमाकलं तर पोटात घाला,' एवढंच. आता थंडीत व्याही आणि विहीणबाई लोणीला येणार होते.

"तेवढं एक वाक्य सांगा, म्हंजी मी जातो," आबा म्हणाले.

आता पदरात टाकणं आणि पोटात घालणं हे मी जर्मनमध्ये कुठून आणू? त्यांच्याकडे पदर नाही आणि पोटात ते फक्त जेवण घालतात. मी म्हटलं, हे इतक्या लवकर सांगता येणार नाही, आधी साधं बोलायला शिका. मला वाटलं, दोन दिवस येतील आणि कांदा काढायला निघून जातील. पण ते चिकटले.

त्यांना शिकवणं म्हणजे डोक्याला ताप होता. एक तर हा माणूस खोटं बोलायचा नाही. तुम्ही म्हणाल, चांगलंच आहे की! पण भाषेच्या वर्गात सगळं खोटंच असतं. पुस्तकात लिहिलेलं असतं, मी अमकी, मी बर्लिनला राहते, मला पोहायला आवडतं. पोरी घडाघडा म्हणतात. आबा म्हणायचे, "मी लोनीचा. पोहायला येतं, पन आवडत न्हाई, हिरीत पडलो व्हतो." हॉटेलात खोली मागायचा पाठ आला तेव्हा त्यांनी चक्क नकार दिला. "लेकीचं घर असताना हाटेलात उतरू? लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, आबा, नाटक आहे हो हे. "नाटकात बी न्हाई." शेवटी त्यांना हॉटेलचा मालक केलं. तर हे गिऱ्हाइकाला खोली देईनात. आधी विचारायला लागले, कुठून आलात, इकडे कुणाकडे आलात, घरी कोण कोण असतं. हे सगळं जर्मनमध्ये बरं का! ते गिऱ्हाईक झालेली पोरगी रडकुंडीला आली.

'कसे आहात' असं विचारलं की तिकडे सगळे 'गुट, डांकं' म्हणतात. छान, आभारी आहे. आबांना ते पटेना. "गुडघा ठनकतोय, हिरीवरली मोटार जळलीय, आन गुट कसं म्हनू?" मग ते गुडघ्याला जर्मनमध्ये काय म्हणतात ते विचारायचे, मोटारीला काय म्हणतात ते विचारायचे, आणि खरं उत्तर द्यायचे. त्याला अर्धा तास लागायचा. मी घड्याळाकडे बघून दात-ओठ खायची. पण एक सांगते, दुखणं सांगायचा पाठ आला तेव्हा माझ्या नर्सिंगच्या पोरींना काहीच नवीन शिकवावं लागलं नाही. आबांच्या सांध्यांची नावं त्यांना आधीच पाठ होती.

एकदा आबांनी विचारलं, "बाई, बिबट्याला काय म्हनत्यात?" आमच्याकडे जुन्नर-आंबेगावात हा रोजच्या बोलण्यातलाच शब्द आहे, पाहुण्यांना अंधारात बाहेर पडू नका हे सांगावंच लागतं. मी म्हटलं, लेओपार्ड. आबा खूश. "लेपर्ड? हे तर फारेस्टवालं बी म्हनत्यात! मंग निम्मी जर्मनी आलीच की!"

आणि 'जेवलात का' हे त्यांना पहिल्या आठवड्यात हवं होतं. मी सांगितलं, तिकडे भेटल्यावर असं विचारत नाहीत.

"मंग काय इचारत्यात?"

"हवामान."

"हवामान आमी बी इचारतो. पन जेवान इचारल्यावर."

सराव ते रस्त्यावर करायचे. लोणीच्या एसटीत कंडक्टरला हात जोडून 'गुटन टाग', म्हणजे नमस्कार, म्हणायचे. तो बिचारा पहिल्यांदा घाबरला, मग सवयीने तोही म्हणायला लागला. आठवडी बाजारात कोथिंबीर निवडता निवडता पुटपुटायचे, तेव्हा भाजीवाल्या म्हणायच्या, "आबांना काय झालंय? देव अंगात येतोय का काय!" त्यांना त्याची काडीची लाज नव्हती. मला मात्र कुणी ना कुणी गाठायचं. "म्हाताऱ्याला कशाला वेड लावलं, मॅडम?" मी कुणाला वेड लावलं नव्हतं. वेड लागलेला माणूस माझ्याकडे चालत आला होता.

दिवाळी झाली आणि एके दिवशी मला जर्मनीहून फोन आला. आबांची लेक. आवाज अगदी वडिलांसारखा, सरळ.

"मॅडम, तुम्ही आबांना शिकवताय त्याबद्दल आभार. पण ते एक वाक्य सोडून सगळं शिकवा."

"कुठलं वाक्य?" मी उगाच विचारलं.

"तुम्हाला माहितीये कुठलं. मी कुणाच्या पदरात पडलेली नाही. माझ्या पायांनी आलेय, माझ्या पगारावर राहते. आणि चुकलंमाकलं म्हणजे काय? माझी काय चूक होणार आहे, जी त्यांनी पोटात घालायची? सासू-सासरे चांगले आहेत, त्यांना कळणारसुद्धा नाही आबा काय बोलतायत. मला मान खाली घालायला लावू नका."

आता मी तरी काय बोलणार? मला ते शंभर टक्के पटत होतं. मी स्वतः एकटी राहते, आईला सांभाळते, आणि मला कुणाच्या तरी पदरात टाकायचे प्रयत्न मंचरात अजून चालू आहेत. मी दुसऱ्या दिवशी आबांना स्पष्ट सांगितलं. लेकीला आवडणार नाही, मी ते वाक्य देणार नाही, विषय संपला.

आबा उठले. चपला घालून गेले ते बरेच दिवस आलेच नाहीत. पोरी रोज विचारायच्या. घाटघरची एक पोरगी वसतिगृहात राहून शिकत होती, तिचा आबांवर फार जीव, ती तर माझ्याशी बोलेचना. मी म्हटलं, मी काय गुन्हा केला? पण मलाही वर्ग ओका ओका वाटत होता, खोटं कशाला बोलू.

मग एके सकाळी मी कुलूप काढत असताना ते जिन्यावर बसलेले दिसले.

"बाई, लई इचार केला. पोरगी म्हनती ते खरं हाय. ती काय वस्तू न्हाई." मग म्हणाले, "पन मंग बापानं बोलायचं तरी काय? का बापानं नुस्तंच बसायचं?"

मी म्हटलं, "आबा, ती रीत बाजूला ठेवा. तुम्हाला त्या माणसांकडून खरोखर काय हवंय, ते आधी मराठीत मला सांगा. साधं. मग बघू."

"साधं?"

"साधंच. तुमचं जर्मन साधंच आहे."

त्यावर त्यांनी मान हलवली आणि आत जाऊन जागेवर बसले. काय हवंय ते मला कधीच सांगितलं नाही. फक्त अधूनमधून सुटे शब्द विचारायचे. लांबला काय, जवळला काय. मी सांगायची आणि पुढच्या पाठाकडे वळायची.

व्याही आले तेव्हा मला जेवायला बोलावणं होतं. व्याही उंच, पोस्टातून निवृत्त झालेले, विहीणबाई गोल चेहऱ्याच्या आणि बोलक्या. जावई हसरा. लेक पहिल्यांदाच दिसली. जीन्स, वर आईची जुनी शाल. सकाळी सगळे लेण्याद्रीला जाऊन आले होते, त्यामुळे भूक कडकडून लागलेली. आबांनी मला आणि लेकीला बाजूला घेऊन बजावलं, "आज मधी कुनी बोलायचं न्हाई. अडलं तर मी इचारीन."

टॉवेल-टोपी झाली. व्याह्यांना टोपी लहान पडली, ती त्यांनी तशीच डोक्यावर ठेवली आणि जेवताना एका हाताने सांभाळली. विहीणबाईंना साडी दिली. मग मासवडीचं जेवण. आमच्याकडे मोठा पाहुणा आला की मासवडी आणि तिखट रस्सा, दुसरं काही चालत नाही. आबा स्वतः वाढत होते. विहीणबाई म्हणाल्या, "नाइन, डांकं." नको. आबांनी आणखी एक मासवडी वाढली. मी डोळे मोठे केले. मी वर्गात हजारदा सांगितलं होतं की त्यांचं नको म्हणजे नको. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, पैलं न्हाई खरं नसतंय." त्या बाईंनी ती खाल्ली. पुन्हा नको म्हणाल्या, पुन्हा पडली, पुन्हा खाल्ली. मग त्यांनी ताटावर आडवा हात धरला. तेव्हा आबा थांबले. जावई इतका हसला की त्याला ठसका लागला.

पान-सुपारी झाली आणि आबा उठले. व्याह्यांच्या समोर जाऊन उभे राहिले. टोपी सारखी केली, हात जोडले. लेकीने माझ्याकडे असं पाहिलं की मी जिना उतरून पळाले असते, पण ओसरीला जिनाच नव्हता. मी हातानेच म्हटलं, मला काही माहीत नाही.

आबा जर्मनमध्ये बोलले. एक एक शब्द करत, मध्ये श्वास घेत. अर्धे शब्द चुकलेले होते आणि सवयीने माझी जीभ वळवळली, पण मी गप्प बसले. मराठीत सांगायचं तर ते एवढंच होतं:

"मी बाप. मी लांब. तुम्ही जवळ. ती मला सांगत नाही. ती रडली, तर तुम्ही, बिट्टं, मला फोन करा."

बस्स. बिट्टं म्हणजे कृपा करून. पुढे काही नव्हतं. हात जोडलेलेच होते.

गोठ्यात म्हैस खूर आपटत होती. लेक म्हणाली, "आबा, मी रडत नाही."

"बरं," आबा म्हणाले. पण हात खाली घेतले नाहीत.

मग व्याह्यांनी खिशातून फोन काढला. चष्मा लावला. आणि वर्गातल्या पहिल्या आठवड्यातला प्रश्न विचारला, तुमचा नंबर काय? मी तेव्हा चमकले. इतकी वर्षं झाली, पण या माणसांकडे आबांचा नंबरच नव्हता. जे काही बोलणं ते लेकीच्या मार्फत. आबांनी एकेक आकडा सांगितला, व्याह्यांनी एकेक दाबला, मग विहीणबाईंनी आपलाही फोन पुढे केला. लेक उठून हात धुवायला परसात गेली. हात धुवायला तिला बराच वेळ लागला. परत आली तेव्हा आबांच्या शेजारी बसली, चिकटून.

पाहुणे गेले. मला वाटलं, आता आबांचा क्लास संपला. काम झालं होतं, परीक्षा द्यायची नव्हती. पण पुढच्या सोमवारी ते आपल्या जागेवर भिंतीला टेकून हजर.

"आता आणखी काय बोलायचं राहिलं, आबा?"

"बोलायचं न्हाई. ऐकायचं," ते म्हणाले. "फोन आला तर कळाया नको?"

त्यानंतर ते फक्त ऐकायचे. मी ध्वनिफिती लावायची, ते डोळे मिटून बसायचे. बोलायला लावलं तर एकच गोष्ट म्हणायचे, "लांगझाम, बिट्टं." सावकाश बोला. ती मात्र अशी पाठ केली होती की झोपेतसुद्धा म्हटली असती. फोन खिशात न ठेवता मांडीवर ठेवायचे. मला ते बघवायचं नाही. मी एकदा बोलूनही गेले, "अहो, तिचं छान चाललंय. फोन न येणं हेच चांगलं ना?" आबा म्हणाले, "चांगलंच की. मी कुठं म्हनतो येऊ दे."

फोन आला तो उन्हाळ्यात, भर दुपारी. पोरींचे क्रियापदांचे पाढे चालू होते. आबांनी नंबर पाहिला आणि बसल्या जागीच उचलला. त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर, त्यामुळे वर्गाला सगळं ऐकू येत होतं. विहीणबाई होत्या. त्या भराभर सुरू झाल्या आणि आबांनी त्यांना अडवलं, "लांगझाम, बिट्टं." मग त्या लहान मुलाशी बोलावं तसं बोलल्या. तिचं काम गेलं. कंपनीने बऱ्याच जणांना काढलं. ती आमच्याकडे आली आहे. खोलीत आहे. रडते आहे. तुम्हाला सांगू नका म्हणाली. तुम्ही म्हणाला होतात, म्हणून मी सांगते.

आबांना सगळं कळलं. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. रविवारीच तर लेक त्यांच्याशी हसून बोलली होती, नवे पडदे दाखवले होते.

"मोमेंट, बिट्टं," ते फोनला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. तोंड पार उतरलं होतं. "बाई, लौकर सांगा. त्यांना म्हनायचंय, तिला रडू द्या जरा. मधी कुनी बोलू नका. मंग जेवाया घाला. रडल्यावर तिला लई भूक लागती. ल्हानपनापासनं."

मी एवढी शिकलेली बाई, पण मनातल्या मनात वाक्यं करून खोडत बसले. पोरी माझ्याकडे बघत होत्या. शेवटी मी त्यांना पेलेल एवढंच दिलं. "वाइनन इस्ट गुट. डान एसन." रडणं चांगलं. मग जेवण.

आबांनी ते फोनमध्ये सांगितलं. दोनदा. तिकडून विहीणबाई म्हणाल्या, "या. माखं इश." हो, करते. आणि मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, तुम्ही ठीक आहात का?

आबा "न्हाई" म्हणाले. मराठीतच म्हणाले. ते त्यांना समजलं असावं, कारण त्या म्हणाल्या, मी पुन्हा करते, संध्याकाळी.

फोन बंद झाला. आबांनी तो मांडीवर ठेवला.

"पोर एकटी न्हाई बाई तिथं," ते म्हणाले, आणि टोपी काढून तोंडावर धरली आणि रडायला लागले. मोठ्याने, खांदे हलवत. आम्ही रडू दिलं. मध्ये कुणी बोललं नाही. बऱ्याच वेळाने घाटघरची पोरगी बाकावरून उठली, त्यांच्याजवळ खाली बसली आणि तिने आपला डबा उघडला.